एका अंगणात चार कोंबडे

खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली आणि नऊ-दहा पिल्लं निघाली, तर त्यांतली साधारण निम्मी नर निघतात. घार, मुंगूस, मांजर यांच्या तावडीतून वाचलेले तीन-चार नर पाचव्या महिन्याच्या सुमारास आरवायला लागतात आणि एक दिवस अंगणात पिसं उडतात. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. लढू दे, आपोआप मिटेल. रात्री अंधारात एकत्र कोंड, सकाळी विसरतील. पायाचे काटे छाट. यातल्या बहुतेक सल्ल्यांत थोडं खरं आणि बरंच अर्धवट असतं. त्या अर्धवटपणात कोंबड्याचा डोळा जातो नाहीतर कोंबडीची पाठ सोलवटते, म्हणून एकेक समज तपासून पाहायला हवा.

“कोंबडा जात्याच भांडखोर, त्याला दुसरा नर डोळ्यांसमोर खपत नाही,” हा सगळ्यात जुना समज. खरं म्हणजे नर भिडतात ते मान कोणाचा हे ठरवायला, आणि मान ठरला की भांडणाची गरज उरत नाही. नॉर्वेचे थोर्लेफ शेल्डरूप-एब्बे लहानपणापासून कोंबड्यांचं निरीक्षण करत आले होते. कोण कोणाला चोच मारतं आणि कोण निमूट मार खातं, याची उतरंड त्यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रीय निबंधातून मांडली. कळपात प्रत्येकाला आपल्या वर कोण आणि खाली कोण हे ठाऊक असतं. वरच्याने नुसती मान उंचावली तरी खालचा दाण्यावरून बाजूला होतो. नरांची उतरंड माद्यांच्या उतरंडीहून वेगळी असते. एकत्र वाढलेल्या नरांत ती पिल्लूपणीच ठरते, पण वयात येताना तुरा लाल व्हायला लागतो, अंगातलं संप्रेरक वाढतं आणि जुना निकाल पुन्हा तपासला जातो. कालपर्यंत एकत्र हिंडणाऱ्यांना आज काय झालं, असं घरच्यांना वाटतं ते याच दिवसांत.

पहाटेचं आरवणंसुद्धा या उतरंडीला धरून चालतं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की एकत्र ठेवलेल्या नरांत सगळ्यात वरचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या मानाच्या क्रमाने त्याच्यामागून. वरचा कोंबडा काढून घेतला, तर दुसऱ्या क्रमांकाचा पहिली बांग देतो. आपल्या कळपात कोण कुठे आहे हे कळायला दाणे टाकून बघत बसायला नको. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या कान दिला तरी पुष्कळ कळतं.

जातीचा भाग अर्थात आहेच. आंध्र, तेलंगण, छत्तीसगड या पट्ट्यातली असील ही जात पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठीच निवडून पैदास केलेली. तिची पिल्लंही लवकर भिडतात आणि दोन प्रौढ असील नर एका अंगणात नांदतील अशी आशा धरू नये. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती अंगाने जड आणि स्वभावाने बऱ्याच शांत. आपला गावठी कोंबडा या दोहोंच्या मधला.

“एकदा मनसोक्त लढू द्यावं, मग मिटतं.” हा सल्ला निम्मा बरोबर आहे आणि निम्मा जीवघेणा. आधी भांडण नीट पाहू. दोघं समोरासमोर येतात, माना जमिनीलगत झुकवतात, मानेची पिसं छत्रीसारखी उघडतात. एखादा एक पंख खाली सोडून तिरका तिरका चालतो. मध्येच दोघेही थांबून जमिनीवर चोच मारतात, दाणा टिपल्यासारखी. तिथे दाणा नसतो. मग उडी, पायांची लाथ, पुन्हा उडी. बहुतेकदा थोड्याच वेळात एक जण पाठ फिरवतो आणि शेपूट खाली घालून पळतो. जिंकलेला चार पावलं मागे धावतो, थांबतो आणि आरवतो. असं भांडण खरोखर सोडून द्यावं. मध्येच सोडवलं तर निकाल लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच पहिल्यापासून सुरू होतं.

पण हा निकाल लागतो तो हरलेल्याला पळायला जागा असते म्हणून. आपल्या कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला लाल रानकोंबडा जंगलात राहतो. तिथे हरलेला नर झाडोऱ्यात दिसेनासा होतो आणि कळपाच्या कडेकडेने जगतो. चार बाय चारच्या खुराड्यात तो कुठे जाणार? तो कोपऱ्यात डोकं खुपसून बसतो आणि जिंकलेला त्याच्या डोक्याच्या मागच्या भागावर चोच मारत राहतो. पळण्याची जी खूण भांडण थांबवते, ती खूण इथे देताच येत नाही. म्हणून रक्त दिसलं, हरलेल्याला पळता येत नसलं किंवा तो दिवसभर दाण्यापाण्याला बाहेरच पडत नसला, तर त्याच क्षणी दोघांना वेगळं करावं. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीचा कळपही तिथेच टोचायला लागतो, त्यात कोंबड्याही मागे नसतात.

सोडवताना मध्ये हात घालू नये. एकावर रिकामं पोतं टाकावं किंवा सरळ डालगं पालथं घालावं. अंधार झाला की पक्षी गप्प बसतो. ज्याला जखम झाली असेल त्याला सावलीत वेगळं ठेवावं, मिठाच्या कोमट पाण्याने घाव धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावं. पावसाळ्यात रोज पिसं बाजूला करून बघावं, कारण माशी बसून अळ्या पडायला फार वेळ लागत नाही. डोळ्याला लागलं असेल तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

इथे एक गफलत बऱ्याच घरांत होते. तुऱ्यावर काळ्या खपल्या दिसल्या की “भांडलेत” म्हणून विषय सोडून दिला जातो. भांडणातला घाव फाटलेला असतो, तुऱ्याची कड तुटलेली असते, खपली लांबट आणि एखाद-दुसऱ्या जागी असते. त्याऐवजी तुरा, गळ्याखालचे लोलक, पापण्यांची कड आणि चोचीचा कोपरा इथे मसुरीएवढ्या चामखिळीसारख्या गाठी असतील आणि त्यांच्यावर खपल्या धरल्या असतील, तर तो देवी हा विषाणूजन्य रोग असू शकतो. माद्यांच्या तोंडावरही तशाच गाठी दिसल्या तर शंका पक्की धरावी, कारण त्या काही नरांसारख्या भिडलेल्या नसतात. हा विषाणू डासांमार्फत पसरतो आणि कातडीवरच्या जखमांतूनही शिरतो, म्हणजे भांडणारे नर त्याला वाट मोकळी करून देतात. देवीची लस मिळते. ती पिल्लं मोठी होण्याआधीच टोचून घ्यावी.

आता अंधाराचा सल्ला. कोंबड्यांना अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे रात्री नवा पक्षी आत सोडला तर त्या वेळी काही होत नाही. पण उजाडल्यावर ओळख-अनोळख लक्षात यायची ती येतेच. कोंबड्या एकमेकांना ओळखतात ते मुख्यतः डोकं आणि तुऱ्यावरून, आणि काही आठवडे दूर राहिलेला पक्षी त्यांच्या लेखी परकाच होतो. महिनाभर पाहुण्यांकडे ठेवलेला आपलाच कोंबडा परत आला तरी त्याला पुन्हा लढून जागा मिळवावी लागते. जखमी नराला वेगळं ठेवतानाही तो जाळीतून कळपाला दिसत राहील असं बघावं ते याचसाठी.

बाहेरून आणलेला कोंबडा तर पहिल्या दिवशी कळपात सोडूच नये. मानमोडीसारखा रोग त्याच्याबरोबर घरात येऊ शकतो, तेव्हा तीन आठवडे त्याला लांब ठेवावं. नंतर आठ-दहा दिवस शेजारी शेजारी, मध्ये जाळी. दोघं जाळीला धडका मारतात, फुरफुरतात, हळूहळू दमतात. मग ज्या जागेवर आधी दोघांपैकी कोणाचाच हक्क नाही अशा मोकळ्या जागी, घरात दिवसभर माणूस असेल त्या दिवशी सोडावं; स्वतःच्या अंगणात प्रत्येक कोंबड्याला जास्त बळ असतं. विटांची रास, उभा टेकवलेला पत्रा, कडब्याच्या पेंढ्या असा आडोसा असावा, म्हणजे हरलेल्याला नजरेआड होता येतं. दाणा-पाणी दोन ठिकाणी, एकमेकांपासून लांब. एवढं करूनही दोन अनोळखी प्रौढ नरांचं, सभोवती कोंबड्या असताना, जमेलच असं नाही. न जमलं तर महिनोन्‌महिने प्रयत्न करत राहू नये. त्यात रोज मार खाणाऱ्या पक्ष्याचे हाल होतात.

छाटाछाटीचे उपाय थोडक्यात सांगतो. पायाच्या मागचा काटा नखासारखा दिसला तरी त्याच्या आत हाड आणि रक्त असतं. तो मुळातून तोडणं म्हणजे पाय कापण्यासारखंच. फार वाढून टोकदार झाला असेल तर फक्त टोक कानशीने बोथट करावं, आणि त्याने भांडण थांबत नाही हेही लक्षात ठेवावं. डोळा फोडायला चोच पुरते. चोचीच्या टोकाशी संवेदना असते, ती तापल्या विळ्याने डागणं क्रूरपणा आहे. बोकडासारखा कोंबडाही बधिया करता येईल असं काहींना वाटतं, पण कोंबड्याचे वृषण पोटात, पाठीच्या कण्यालगत असतात. पोट उघडल्याशिवाय ते काढता येत नाहीत, म्हणून घरी हा विचारही नको. मिरची खाऊन कोंबडा तापट होतो म्हणावं, तर पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही.

या सगळ्याच्या मुळाशी संख्येचा प्रश्न आहे, आणि तिथेच सगळ्यात मोठा गैरसमज दडलेला आहे: जास्त कोंबडे म्हणजे जास्त अंडी. अंडी घालायला कोंबडीला नर लागतच नाही. नर लागतो तो अंड्यातून पिल्लू हवं असेल तर, आणि त्यासाठीही आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरे. संबंध आल्यावर कोंबडी नराचं वीर्य आपल्या अंगात साठवून ठेवते, त्यामुळे रोज संबंध यायची गरजच नसते. सात कोंबड्यांमागे तीन नर ठेवले की उलट कोंबड्यांचे हाल सुरू होतात. नर चोचीने कोंबडीच्या डोक्यामागची पिसं पकडतो आणि पाठीवर पाय देतो. एका मागोमाग तिघं आले की मानेमागे आणि पाठीवर पिसं झडून कातडी उघडी पडते. लोक म्हणतात, पिसं गाळतेय, किंवा उवा झाल्यात. पिसं गाळणाऱ्या कोंबडीची पिसं मान, छाती, शेपूट अशी सगळीकडून जातात आणि कोवळी पिसं खालून डोकावतात. फक्त पाठ आणि मानेमागचा भाग उघडा असेल तर आधी अंगणातले नर मोजावेत. अशा कोंबड्या दिवसभर खुराड्याच्या आडोशाला बसून राहतात, पुरेसं खात नाहीत, आणि मग अंडी खरोखरच कमी होतात.

ही संख्या वाढते कशी, हे आपल्या वर्षाच्या चक्रात दिसतं. शिमग्याच्या आसपास निघालेली पिल्लं श्रावणात वयात येतात. श्रावणात घरात कोंबडी शिजत नाही, बऱ्याच घरांत गणपती होईपर्यंत नाहीच, गिऱ्हाईकही कमी. कोकणात एखादा कोंबडा राखणीसाठी, म्हणजे राखणदार देवाला द्यायला, ठेवलेला असतो, तर कुठे कोणी नवसाचा म्हणून सोडलेला. वर पाऊस, त्यामुळे कळप दिवसभर पडवीत नाहीतर खुराड्यात दाटीने. ज्या महिन्यांत नरांना सगळ्यात जास्त जागा हवी, त्याच महिन्यांत ती सगळ्यात कमी असते. म्हणून निर्णय आषाढातच व्हायला हवा. तीन-साडेतीन महिन्यांचे नर तुऱ्यावरून आणि मानेच्या टोकदार पिसांवरून ओळखता येतात. त्यातला अंगाने भरलेला, पायाने सरळ आणि माणसांच्या अंगावर न येणारा एक ठेवावा. बाकीचे विकावेत, खावेत किंवा ठेवायचेच असतील तर वेगळे ठेवावेत. एकत्र वाढलेले नर कोंबड्यांपासून लांब, नजरेआड ठेवले तर बहुधा बऱ्यापैकी शांत राहतात, कारण भांडायचं ज्यासाठी तेच समोर नसतं. मात्र त्यातला एक बाहेर काढून कोंबड्यांत फिरवून पुन्हा त्यांच्यात सोडला की गडबड झालीच.

भांडतातच तर भांडू दे, गावची चार माणसं बघतील, असं म्हणणारेही भेटतात. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधली नाही तर तो गुन्हा नाही, असाही एक समज आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याचं कलम ११ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याशी झुंजायला भरीस घालणं हाच गुन्हा मानतं. काती असो वा नसो. झुंजीसाठी जागा देणाराही त्यात येतो. विदर्भातले कोंबडबाजार आणि कोकणातल्या झुंजी वर्षानुवर्षं चालत आल्या म्हणून त्या कायदेशीर ठरत नाहीत. आणि ज्याने एकदा पायातली काती लागून फाटलेलं पोट पाहिलं आहे, त्याला कायद्याचा दाखला द्यावा लागू नये.

एक नर ठेवायचा ठरलं की पुढचा प्रश्न येतो रक्ताच्या नात्याचा. तोच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला तर त्याचं मिलन त्याच्याच मुलींशी होतं आणि पिल्लं अशक्त निघायला लागतात. दर वर्ष-दीड वर्षाने लांबच्या गावातल्या ओळखीच्या घराशी कोंबड्याची अदलाबदल करणं हा सोपा मार्ग आहे. जुना जाऊन मगच नवा आला की दोन नर समोरासमोर येण्याचा प्रश्नच उरत नाही. फक्त साठवलेल्या वीर्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे निघणारी पिल्लं जुन्याच कोंबड्याची असू शकतात, म्हणून नव्याची पिल्लं हवी असतील तर तेवढा काळ अंडी खाण्यात घालावीत आणि तीन आठवड्यांनंतरची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत.