दीर्घकालीन आजार आणि सैनिकी अपंगत्व निवृत्तिवेतन : पूर्वनिर्णयांचा शोध व वाचन

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत सैन्यसेवेची परंपरा जुनी आहे. चकमकीत जखमी होऊन परतलेल्या सैनिकाचा निवृत्तिवेतनाचा हक्क सहसा वादात सापडत नाही. अपस्मार, मधुमेह किंवा मनोविकार यांमुळे सेवामुक्त झालेल्याची स्थिती निराळी असते. आजार सेवेशी निगडित नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, एवढा शेरा वैद्यकीय मंडळाने दिला की दावा फेटाळला जातो. मग कुटुंबीय कागदपत्रांची पिशवी घेऊन गावातील शिकलेल्या माणसाकडे, पुष्कळदा महाविद्यालयातील प्राध्यापकाकडेच येतात आणि सर्वोच्च न्यायालयाचा एखादा निकाल आहे का, असे विचारतात. निकाल अनेक आहेत. त्यांतील कोणता आपल्या कागदपत्रांवर टिकेल, हे ठरवणे अवघड असते.

शोधाचा आरंभ 'धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार' (२०१३) या निर्णयापासून करणे सोयीचे. १९८५ मध्ये भरती झालेला हा शिपाई सुमारे नऊ वर्षांनी अपस्मारामुळे सेवामुक्त झाला. अपंगत्व २० टक्के, म्हणजे नियमाने आवश्यक असलेल्या किमान मर्यादेइतके ठरले. मंडळाने आजाराचा सेवेशी संबंध नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने सैनिकाच्या बाजूने निर्णय दिला. मात्र हा निर्णय सहानुभूतीवर उभा नाही. १९८२ च्या पात्रता नियमांनुसार, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असे गृहीत धरले जाते. पुढे वैद्यकीय कारणाने सेवामुक्ती झाली तर प्रकृतीतील बिघाड सेवेमुळे झाला असे मानले जाते. पुराव्याचा भार दावेदारावर नसतो आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला मिळतो. आजार भरतीच्या तपासणीत आढळणे शक्यच नव्हते, असे मंडळास म्हणता येते. परंतु त्याची कारणे नमूद करावी लागतात. धरमवीर प्रकरणात तशी कारणे नव्हती. निर्णयाचा खरा आधार येथे आहे. 'राजबीर सिंग' (२०१५) या निर्णयात हेच तत्त्व अनेक सैनिकांच्या प्रकरणांना एकत्रितपणे लावले गेले.

केवळ शीर्षटीप वाचून थांबणारा अभ्यासक येथे समाधानी होतो आणि सुनावणीच्या दिवशी 'नरसिंग यादव' (२०१९) या निर्णयाने अडचणीत येतो. तेथे मनोविकाराचा प्रश्न होता. असे विकार भरतीच्या तपासणीत उघड होत नाहीत, त्यामुळे नोंद नसणे एवढ्यावरून ते सेवेमुळे जडले असे मानता येणार नाही, असे म्हणत न्यायालयाने दावा अमान्य केला. दोन्ही निर्णय द्विसदस्यीय पीठांचे आहेत. प्रतिकूल निर्णय लपवून ठेवण्यात शहाणपण नाही. विरुद्ध पक्ष तो आणणारच. आपल्या प्रकरणातील तथ्ये त्याहून कोठे वेगळी आहेत, हे अर्जातच दाखवणे हिताचे.

त्याआधी एक तारीख पाहिली पाहिजे, ती म्हणजे सेवामुक्तीची. १ जानेवारी २००८ पासून नवे नियम लागू झाले आणि सेवाकाळात आजार प्रकट झाला एवढ्याने तो सेवेशी निगडित ठरत नाही, अशी तरतूद आली. २१ सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा नवे नियम आले. २०१५ मध्ये निवृत्त झालेल्याने धरमवीर प्रकरणातील गृहीतक जसेच्या तसे उद्धृत केले, तर तो न लागू होणाऱ्या नियमावर विसंबून राहतो. तथापि मंडळाने कारणे दिली पाहिजेत, ही अपेक्षा टिकून आहे. मधुमेहाच्या एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये २००८ चे नियम लागू असतानाही ती अधोरेखित केली. आजार शांतताक्षेत्रात सुरू झाला, एवढे कारण त्यास पुरेसे वाटले नाही.

म्हणून निर्णयाच्या प्रतीपूर्वी मंडळाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मिळवावी; ती हाती नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये स्वतःच्या कागदपत्रांसाठी अर्ज करता येतो. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, नेमणुकीच्या ठिकाणांचा तपशील आणि मंडळाच्या अभिप्रायातील कारणांचा रकाना हे तीन कागद निर्णयाच्या परिच्छेदांशेजारी ठेवून वाचावेत. निर्णय मिळवणे आता खर्चाचे राहिलेले नाही. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निर्णय संगणकावर विनामूल्य पाहता येतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. अनुवाद समजून घेण्यापुरता वापरावा, उद्धरण मूळ इंग्रजी पाठातूनच द्यावे.

विलंबाबाबत 'तरसेम सिंग' (२००८) हा निर्णय पाहावा. निवृत्तिवेतन नाकारणे ही दरमहा चालू राहणारी हानी असल्याने उशिरा आलेला दावा त्याच कारणाने बाद होत नाही. परंतु तेथे थकबाकी दाव्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मान्य झाली. पूर्ण आधार शोधण्यात कुटुंबाने आणखी दोन वर्षे घालवली, तर तेवढ्या काळाची थकबाकी हातची जाऊ शकते. महाराष्ट्रातील दावेदारासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे पीठ मुंबईत आहे. अर्ज तेथे वेळेत दाखल करावा आणि पुढे हाती लागलेले निर्णय सुनावणीपूर्वी जोडावेत.