पेटीतला संगणक फिरता ठेवा



जरा घरातल्या माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात नजर टाका. मुलगा डिप्लोमाला असताना घेतलेला, किंवा मुंबईच्या पाहुण्यांनी "पोरांना होईल" म्हणून आणून दिलेला एखादा बंद लॅपटॉप तिथे पडलेला सापडेल. भंगारवाला आला की वजनावर घालायचा, एवढाच त्याचा उपयोग आपल्याला ठाऊक असतो. तो घालण्याआधी हा लेख वाचा, एवढीच विनंती.

शेतीखात्यातला माणूस खते-बियाणे सोडून संगणकावर का बोलू लागला, असे तुम्ही म्हणाल. कारण साधे आहे. गावरान बियाणे आणि जुने यंत्र यांना एकच न्याय लागू पडतो. कोंडून ठेवले की मरते, हातोहात फिरले की जगते.

मीरा रोडचा छंदिष्ट

माझा पुतण्या मीरा रोडला राहतो. मीरा-भाईंदर म्हणजे मुंबईच्या उत्तरेला, वसईच्या खाडीच्या अलीकडचा भाग. एके काळी तिथे मिठागरे, भाताची खाचरे आणि उत्तनकडे कोळीवाडे. आज इमारतींची दाटी झाली आहे, आणि 2002 पासून महानगरपालिकाही आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले तिथे दोन खोल्यांत संसार करतात आणि लोकल गाडीने कामाला जातात. पुतण्याही त्यातलाच.

त्याला एक नाद आहे. हातात उचलून नेता येतील असे जुने संगणक तो गोळा करतो. सुटीच्या दिवशी कधी चोर बाजारात, कधी भंगाराच्या वखारीत हिंडतो. वजनाच्या भावाने एखादे यंत्र आणतो, उघडतो, पुसतो, बिघाड शोधतो आणि चालू करतो. सूनबाईंनी या नादासाठी एकच कपाट दिले आहे. त्यामुळे एक आत आले की एक बाहेर, असा घरचा नियम. बाहेर म्हणजे भंगारात नव्हे, तर असाच नाद असलेल्या दुसऱ्या माणसाकडे. बहुधा पडला त्याच भावाला, वर फक्त टपालखर्च. घेणारा विद्यार्थी असेल तर तेही नाही.

मी त्याला म्हटले, "अरे, एवढी मेहनत करतोस, चार पैसे जास्त घ्यावेत की!" तो म्हणाला, "काका, भाव वाढवला की वस्तू मिरवणाऱ्याकडे जाते. मला चालवणारा पाहिजे."

हे उत्तर मला पटले. चांगली कालवड विकताना आपणही दावणीला कोण बांधणार आहे, हे पाहतोच की.

भरल्या घागरीएवढे ओझे

या यंत्रांची हकीकत मोठी गमतीची आहे. 1981 साली अमेरिकेत ऑस्बोर्न 1 नावाचा संगणक बाजारात आला. उचलून नेता येणारा, म्हणून त्याची कीर्ती झाली. पण वजन किती? सुमारे 11 किलो, म्हणजे भरल्या घागरीएवढे! शिलाई यंत्राच्या पेटीसारखा त्याचा आकार, आणि पडदा अवघा 5 इंचांचा. आत बॅटरी नाही, भिंतीतल्या विजेवर चालायचा. किंमत 1795 डॉलर. तरी लोकांनी उड्या टाकल्या, कारण त्याआधीचा संगणक टेबलावरून हलतच नसे.

तो काढणाऱ्या ॲडम ऑस्बोर्न यांचे बालपण आपल्या देशात गेले, हे पुष्कळांना माहीत नसते. वडील रमण महर्षींचे अनुयायी, म्हणून घर तमिळनाडूत तिरुवण्णामलैला. शेवटी आजारपणात ते पुन्हा भारतात आले आणि 2003 साली कोडैकनालला वारले. त्यांची कंपनी मात्र 1983 सालीच बुडाली. पुढचे सुधारित यंत्र येते आहे, अशी हाकाटी आधीच झाली आणि गिऱ्हाइकांनी हातातले यंत्र घेणे थांबवले, असे सांगतात. बाजारात नवा माल येण्याआधीच त्याचा डांगोरा पिटू नये, हा धडा व्यापारी अजून या गोष्टीवरून देतात.

1982 साली ग्रिड कंपास आला. वहीसारखा मिटणारा, वर पडदा आणि खाली कळफलक. आजचा प्रत्येक लॅपटॉप त्याच वळणाचा आहे. तो अमेरिकेच्या अंतराळयानातूनही गेला. 1983 साली टीआरएस-80 मॉडेल 100 निघाला. वजन दीड किलोच्या आत, पडद्यावर फक्त 8 ओळी, आणि चालायला लागत 4 पेन्सिल सेल! त्यावर सुमारे 20 तास काम होई. वार्ताहर मंडळी त्यावर बातमी लिहीत आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीला पाठवीत. 1989 साली ॲपलने काढलेल्या यंत्रात, आपल्या ट्रॅक्टरला असते तशा जातीची, शिसे-आम्लाची बॅटरी होती. वजन 7 किलोंवर. बॅटरी मेली की भिंतीतली वीज देऊनही ते यंत्र सुरू होत नसे.

चाळीस वर्षांपूर्वीचे मॉडेल 100 आजही 4 सेल घालून चालू होते. मात्र त्याच्या आत आठवण टिकवण्यासाठी एक छोटी बॅटरी असते. ती पाझरली तर तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. वेळेवर काढली, तर यंत्र वाचते.

दमट हवेचा मार

भाईंदरच्या हवेत खाडीची खार आणि पावसाळी ओल. लोखंडी खिळासुद्धा तिथे लवकर गंजतो. तिथे यंत्र राखायचे म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात बियाणे राखण्यासारखेच आहे. फ्लॉपीच्या आतल्या चकतीला बुरशी येते. जुन्या पडद्यांवरचा पातळ पापुद्रा कुजतो आणि यंत्र उघडले की शिरक्याचा वास येतो. पांढरे प्लास्टिक पिवळे पडते. पुतण्या घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून सुटे भाग ठेवतो आणि प्रत्येक यंत्र दर दोन-तीन महिन्यांनी थोडा वेळ चालवतो. नुसते झाकून ठेवलेले यंत्र लवकर खराब होते, असा त्याचा अनुभव आहे. उगवण तपासल्याशिवाय बियाणे चांगले म्हणू नये, हेच आम्ही तुम्हाला सांगत आलो आहोत.

सहा फ्लॉपी आणि गावच्या विहिरी

आता तुम्ही विचाराल, याचा आपल्या घराला उपयोग काय? एक घडलेली गोष्ट सांगतो.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने नव्वदच्या दशकात एका पाणलोट गावातल्या विहिरींची पाणीपातळी तीन उन्हाळे मोजली होती. कोणत्या विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी उरते, याची नोंद त्याने वहीत केली आणि स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवून सहा फ्लॉपींत ठेवली. वही पुढे वाळवीने खाल्ली. मध्यंतरी त्या गावात ओढ्याकाठी नव्या बोअर घ्याव्यात की नाही, यावर ग्रामसभेत वाद पेटला. एक गट म्हणे, पूर्वीही पाणी असेच आटत होते. दुसरा म्हणे, मुळीच नाही, बोअर वाढल्या आणि विहिरी कोरड्या पडल्या. दोघांकडे पुरावा काही नाही.

सहकाऱ्याने फ्लॉपी शोधून काढल्या. पण आजच्या लॅपटॉपला फ्लॉपीची खाच नसते, आणि ज्या जुन्या पद्धतीने ती नोंद लिहिली होती ती नव्या यंत्राला उलगडेना. एका फ्लॉपीत 1.44 एमबी एवढाच मजकूर मावतो. तुमच्या मोबाइलवरचा एखादा फोटोसुद्धा त्यात बसणार नाही. सोनी कंपनीनेही 2011 साली फ्लॉपी बनवणे बंद केले. आम्ही पुतण्याकडे गेलो. त्याच्या कपाटात त्या काळचा एक लॅपटॉप चालू स्थितीत होता. एकेक फ्लॉपी हळूच घातली. चार उघडल्या. दोघींना बुरशी लागली होती, त्या गेल्या त्या गेल्याच. गावाच्या वरच्या अंगाच्या विहिरींची नोंद त्यांत होती.

उरलेल्या चार फ्लॉपींतले आकडे कागदावर छापून ग्रामसभेत वाचले. ओढ्याकाठच्या विहिरींना तेव्हा मे अखेरपर्यंत पाणी राहत होते, हे सर्वांना कळले. त्या काठाला नवी बोअर घ्यायची नाही, असा ठराव झाला. वरच्या आळीचा वाद मात्र तसाच राहिला, कारण तिथला पुरावा बुरशीने खाल्ला होता.

जुने यंत्र चालू ठेवणारा एक माणूस असला तर काय वाचते, आणि उशीर झाला तर काय बुडते, हे दोन्ही त्या एका दिवसात पाहिले. त्यानंतर पुतण्याने तो लॅपटॉप एका तंत्रनिकेतनातल्या मुलाला देऊन टाकला. मी चमकलो. तो म्हणाला, "आता तो मुलगा हे काम शिकेल. उद्या मी नसलो तरी फ्लॉपी वाचणारा कोणीतरी राहील."

वाटून जपणारी माणसे

ही रीत आपल्या मातीला नवी नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा घरगुती वस्तू गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले. तो सारा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला, म्हणून आज तुम्हा-आम्हाला पाहता येतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जमवले. पण मडक्यात झाकून न ठेवता पेरणाऱ्यांना दिले, आणि पेरणाऱ्याने पुढे बियाणे परत द्यायचे, अशी रीत ठेवली. 2020 च्या पद्मश्री पुरस्कारांत त्यांचे नाव आले. दोघांचेही धन दिल्यामुळेच वाढले.

संगणकाच्या बाबतीतही खेड्याचा एक वारसा आहे, आणि तो पुसत चालला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि तिथले अभियंते यांनी मिळून सिम्प्युटर नावाचा तळहातावरचा संगणक तयार केला. 2004 साली तो विक्रीला आला. खेड्यातल्या माणसासाठी, देशी भाषांत बोलणारा, आणि एकाच यंत्रावर अनेकांनी आपापले कार्ड घालून काम करावे अशी त्याची योजना. एक यंत्र आणि सारी आळी! कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामातही तो वापरला गेला. विक्री मात्र थोडीच झाली, आणि पुढे मोबाइल आल्यावर तो मागे पडला. आज छंदिष्ट लोक तो शोधत फिरतात.

आपल्या कोल्हापूर-सांगली भागात वारणानगरच्या आसपासच्या 70 गावांसाठी 1998 साली संगणक योजना आली. उसाच्या वजनाची, तोडणीच्या परवान्याची माहिती गावातच मिळू लागली. ते संगणक टेबलावरचे होते. पुढे त्याच कामासाठी मोबाइलवरच्या संदेशाचा प्रयोग झाला. तुमच्या कारखान्याच्या, दूधसंघाच्या किंवा सोसायटीच्या गोदामात त्या काळची यंत्रे धूळ खात असतील, तर संचालक मंडळींना एकदा विचारून पाहा. त्यांच्या पोटात गावाचा हिशेब असू शकतो.

तुम्ही काय करावे

पहिली गोष्ट, यंत्रातले फोटो, हिशेब, पत्रे आधी काढून घ्या. गावातला सेवा केंद्रवाला किंवा कॉलेजचा मुलगा हे करू शकेल. मग आपली बँकेची, आधारची माहिती पुसून टाका.

दुसरी गोष्ट, बॅटरी पाहा. फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. निघत असेल तर काढून, मुलांपासून दूर, कोरड्या जागी ठेवा.

तिसरी गोष्ट, चार्जर, पिशवी, पुस्तिका, फ्लॉपी एकत्र बांधा. सोबत एक चिठ्ठी लिहा: कोणत्या साली घेतला, कोणी वापरला, कशासाठी. चिठ्ठीमुळे घेणाऱ्याला यंत्राची ओळख पटते.

चौथी गोष्ट, द्यायचा कोणाला? जवळच्या तंत्रनिकेतनाच्या किंवा आयटीआयच्या गुरुजींना विचारा. मुंबई-पुण्याला असलेल्या मुलाला विचारा, त्याच्या ओळखीत असा एखादा वेडा नक्की निघेल. देताना अट एकच घाला: तुझे काम झाले की पुढच्याला दे.

पाचवी गोष्ट, कोणीच घेत नसेल आणि दुरुस्तही होत नसेल, तर नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडेच द्या. 1 एप्रिल 2023 पासून याचे नवे नियम लागू आहेत. तारांतले तांबे काढण्यासाठी उकिरड्यावर जाळू नका. जुन्या यंत्रांत शिसे असते, जुन्या बॅटऱ्यांत कॅडमियम असते. ते धुरातून पोरांच्या फुप्फुसात आणि राखेतून तुमच्या विहिरीत उतरते.

घरात पडून राहिलेल्या वस्तूला भाव नसतो, पण ती योग्य हाती पडली की तिचे मोल कळते. येत्या दिवाळीच्या साफसफाईत तो माळा उघडा. शहरातली मुले सुटीला आलेली असतील. त्यांना शेजारी बसवा आणि तो लॅपटॉप त्यांच्यासमोर पुसून घ्या. चालू झाला तर उत्तमच. नाही झाला, तरी तो चालू करणारा कुठेतरी वाट पाहतो आहे.