टॅरोची पाने आणि आपली बावीस अक्षरे

(न्यू यॉर्क येथे रविवारच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय मी आपण होऊन निवडलेला नाही. तो आपल्या घरांतूनच माझ्याकडे आला. कॉलेजात शिकणारी मुले सुटीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या सामानात कधी कधी टॅरोच्या पानांची जुडी असते. आईवडील ती सहज चाळतात आणि थबकतात. एका पानावर सिंहासनावर बसलेली स्त्री दिसते. तिच्या हातातल्या गुंडाळीवर रोमन लिपीत ‘तोरा’ असे लिहिलेले असते, आणि दोन्ही बाजूंना शलमोन राजाच्या मंदिरापुढील याखीन व बोआज हे दोन खांब उभे असतात. दुसऱ्या एका पानावर भाग्यचक्र असून त्याच्या कडेने योद, हे, वाव, हे ही चार अक्षरे विखुरलेली असतात. मुले म्हणतात, “ही तर आपलीच कब्बाला!” आईवडील मला विचारतात, हे खरे काय? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात मिळते, म्हणून प्रथम इतिहास पाहू.

टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ आहे. पत्ते युरोपात आले ते चौदाव्या शतकात, १३७० च्या सुमारास, इजिप्तच्या मामलुक राज्यातून. प्याले, नाणी, तलवारी आणि काठ्या हे त्यांचे चार रंग. पुढे इटलीत १४४० च्या सुमारास या चार रंगांना सचित्र पानांचा एक वेगळा संच जोडला गेला. त्याला ‘त्रिओन्फी’ म्हणत. ‘तारोक्की’ हे नाव सोळाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. आपण मेंढीकोट खेळताना एका रंगाला हुकूम ठरवतो. त्या इटालियन खेळात हुकमाची पाने कायमची ठरलेली होती, एवढाच फरक. वरच्या क्रमाचे पान खालच्याला मारी, आणि ‘मूर्ख’ नावाचे पान टाकले की खेळणाऱ्याला मागितलेल्या रंगाचे पान टाकावे लागत नसे. पूर्ण जुडीत ७८ पाने: चार रंगांची प्रत्येकी १४ मिळून ५६, आणि ‘मूर्ख’ धरून सचित्र पाने २२. फ्रान्स आणि ऑस्ट्रियात हा खेळ आजही आवडीने खेळला जातो.

या जुन्या पानांचा मोठा ठेवा आपल्या शेजारीच आहे. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी पंधराव्या शतकाच्या मध्यास रंगवलेल्या एका जुडीतील ७४ पाने आज शिल्लक आहेत आणि त्यांपैकी ३५ मॅनहॅटनमधील मॉर्गन ग्रंथालयात आहेत. सोन्याचा वर्ख दिलेली ही मोठी, देखणी पाने आहेत. त्यांच्यावर ना क्रमांक, ना नाव, ना एकही हिब्रू अक्षर. कनेक्टिकटमध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात त्याच घराण्याच्या दुसऱ्या एका जुडीची ६७ पाने आहेत. तिच्यात श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन ख्रिस्ती सद्गुण हुकमाच्या पानांवर आढळतात. नेहमीच्या २२ पानांत ते नाहीत. फ्लॉरेन्समध्ये तर याच खेळाचा ९७ पानांचा एक प्रकार होता. म्हणजे २२ ही संख्या आरंभापासून अटळ नव्हती. शिवाय नेहमीच्या पानांत पोप आहे, सैतान आहे, कर्णा फुंकणारा देवदूत आणि थडग्यांतून उठणारी माणसे आहेत. ही चित्रसृष्टी इटलीतील ख्रिस्ती समाजाची आहे.

कोकणातून आलेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट चटकन उमगेल. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा काहींनी पाहिली असेल: लाखेचा लेप दिलेली १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा अंकांची पाने. तिच्यावर मत्स्य आहे, कूर्म आहे, राम आहे. तरीही ती खेळाची पाने आहेत, हे सावंतवाडीत कोणाला सांगावे लागत नाही. समाजाच्या मनात जी चित्रे वसतात, ती त्याच्या खेळातही उतरतात. टॅरोचेही तसेच झाले.

मग आपली अक्षरे या पानांवर आली कशी? १७८१ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने आपल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात असे प्रतिपादन केले की टॅरो हा प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यों यांनी ती उलगडली ती १८२२ मध्ये. त्यामुळे या विधानाला आधार नव्हता, तसेच ते तत्काळ खोडून काढण्याचे साधनही नव्हते. त्याच खंडात कोंत द मेल्ले यांचाही एक निबंध होता. त्यात २२ पाने आणि हिब्रूची २२ अक्षरे यांची सांगड प्रथम घातली गेली. थोड्याच वर्षांत एतेया या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने खास भविष्यकथनासाठी टॅरोची जुडी छापली.

१८५० नंतर एलिफास लेव्ही यांनी या सांगडीचे शास्त्रच बनवले. नावावरून हे आपल्यापैकी वाटतात. पण त्यांचे मूळ नाव आल्फोंस लुई कोंस्तां, आणि शिक्षण कॅथलिक पाद्रीपणाचे. त्यांनी आलेफ हे अक्षर ‘जादूगार’ या पानाला दिले. १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळाने तेच आलेफ ‘मूर्ख’ या पानाला दिले, आणि त्यामुळे जवळजवळ सगळीच अक्षरे एकेक घर सरकली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली परंपरा असती, तर पहिल्याच अक्षराविषयी एवढा मतभेद झाला नसता. कब्बालाचे थोर अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी १९३८ मध्ये याच न्यू यॉर्क शहरात दिलेल्या व्याख्यानांचा पुढे ग्रंथ झाला. त्यात त्यांनी लेव्ही यांच्या लेखनाची गणना कब्बालाविषयीच्या गैरसमजांत केली आहे.

मुलांच्या हाती बहुधा जी जुडी असते, ती डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर कंपनीने काढली. तिची कल्पना ए. ई. वेट यांची, ते जन्माने ब्रुकलिनचे आणि ‘गोल्डन डॉन’चे सभासद. चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. अमेरिकन आईबापांच्या या मुलीने ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये कलाशिक्षण घेतले होते. तिची चित्रे जगभर गेली. तिला मात्र मोबदला थोडाच मिळाला आणि १९५१ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत तिचे निधन झाले. तोरेची गुंडाळी, दोन खांब आणि ती चार अक्षरे आली ती या लंडनच्या मंडळाच्या विचारांतून, आपल्या कोणत्याही बेथमिद्राशातून नव्हे.

आता उपयोगाकडे वळू. पाने पिसून, ठरावीक मांडणीत ठेवून, चित्रांवरून प्रश्नकर्त्याच्या भूत, वर्तमान आणि भविष्याविषयी बोलायचे, ही आजची रीत. ऐकणाऱ्याला ते खरे का वाटते? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे ‘खास’ वर्णन लिहून दिले. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर दिलेला होता. आपल्या गावी पोपटाने काढलेली चिठ्ठीही अशीच प्रत्येकाला लागू पडे. न्यू यॉर्क राज्याच्या दंडसंहितेत, कलम १६५.३५ नुसार, पैसे घेऊन भविष्य सांगणे हा गुन्हा आहे. केवळ करमणुकीचा कार्यक्रम म्हणून केल्यास सूट आहे.

येथे हसून पुढे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. पानांपुढे बसणारा माणूस बहुधा काळजीने ग्रासलेला असतो. ग्रीन कार्डाची वाट पाहून वर्षे लोटलेली असतात, तपासणीचा अहवाल यायचा असतो, मुलीचे लग्न मोडलेले असते. कोणीतरी तासभर आपल्यासमोर बसून आपले ऐकून घ्यावे, ही त्याची खरी भूक असते. ती आपण भागवली नाही, तर तो पैसे मोजून ती भागवणारच.

तोरेची आज्ञा स्पष्ट आहे. वयिक्रा १९:२६ मध्ये शकुन पाहण्यास मनाई आहे. देवारीम १८ मध्ये दैवप्रश्न करणाऱ्यांचा निषेध करून लगेच १३ व्या वचनात देवाशी सरळ, निष्कपट मनाने राहण्यास सांगितले आहे. त्याचा अर्थ राशी असा लावतात की भविष्य उकरत बसू नये. जे येईल ते विश्वासाने स्वीकारावे. रंबम तर हे सारे प्रकार निषिद्ध आहेतच, शिवाय असत्यही आहेत, असे ठामपणे सांगतात. आपल्या मलिद्याची आठवण करा. ताटापुढे बसून आपण एलियाहू हन्नबींचे स्मरण करतो, नवस बोलतो, नवस फेडतो. तेथे मागणे असते, आभार असतात. उद्या काय घडेल असा सवाल नसतो.

म्हणून मुलांशी बोलताना हा भेद सांगावा. जुना खेळ म्हणून किंवा चित्रकला म्हणून ही पाने पाहण्यास हरकत नाही. मुलांना घेऊन मॉर्गनला अवश्य जा. त्यांच्याकडे भविष्य विचारणे मात्र आपल्याला वर्ज्य आहे. रागाच्या भरात जुडी केरात टाकू नका. चार अक्षरे असलेल्या पानाचे काय करावे, हे आपल्या रब्बींना विचारा. आणि मुलांना बावीस अक्षरांचेच कुतूहल असेल, तर तेहिलिमचा ११९ वा अध्याय त्यांच्यापुढे उघडा. तेथे प्रत्येक अक्षराने आरंभ होणारी आठ वचने, अशी १७६ वचने आहेत. आलेफपासून सुरुवात करा. रोज एक अक्षर घेतले, तर तीन आठवडे आणि एक दिवस पुरेल.