भरतीचे मैदान आणि वैद्याची चिठ्ठी

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर पहाटे निघावे, तर अंधारात धावणारी मुले हमखास दिसतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात सैन्य वा पोलीस भरती हाच मोठा आधार वाटतो. सैन्यभरतीत १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्यास ६० गुण व बीमवर १० वेळा अंग वर खेचणाऱ्यास ४० गुण मिळतात. शिवाय ९ फुटांचा खंदक ओलांडणे व नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत जाणे आवश्यक असते. अडथळ्यांच्या शर्यतीला आता जागतिक प्रतिष्ठाही लाभली आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या प्रकारात घोडेस्वारीची जागा तिने घेतली आहे. ही मुले ‘ताकदीचे औषध’ मागत आपल्या दारी येतात. म्हणून हा विषय आपला आहे.

प्रथम आमची एक चूक सांगतो. गतवर्षी वैशाखात एक तरुण भर दुपारी सराव करताना कोसळला. त्याची लघवी काळ्या चहासारखी झाली होती. स्नायूंचा नाश होऊन वृक्कांवर भार आला होता. रुग्णालयातील उपचाराने तो बरा झाला, पण भरती हुकली. दोन महिने तो आमच्याकडून अश्वगंधा चूर्ण नेत होता. आम्ही त्याची प्रकृती पाहिली, अग्नी पाहिला. परंतु ‘आणखी काय घेतोस?’ हे विचारलेच नाही. पायदुखीसाठी तो रोज वेदनाशामक गोळ्या घेत होता. शरीरातील पाणी घटलेले असताना अशा गोळ्या वृक्कांना अधिकच घातक ठरतात.

व्यायाम : अर्धशक्ती व्यायामाचा शास्त्रादेश सर्वांस ठाऊक आहे. कपाळ, नाक व सांध्यांवर घाम येणे आणि मुखशोष ही त्याची लक्षणे होत. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक, रक्तपित्त, ज्वर उद्भवतात, असे आचार्यांनी बजावले आहे. स्पर्धेच्या तयारीत कधी कधी ही मर्यादा ओलांडावी लागते, हे मान्य. परंतु ते आठवड्यातून एक-दोन दिवस व शीतकाळातच. इतर दिवशी धाव अशी असावी की सोबत्याशी बोलता यावे. ग्रीष्मात सराव सूर्योदयापूर्वी संपवावा. उष्णतेची सवय होण्यास शरीराला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून मात्रा हळूहळू वाढवावी.

आहार : अशा तरुणास दररोज प्रतिकिलो वजनामागे सुमारे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या मुलास सुमारे ७५ ते ९५ ग्रॅम. त्यासाठी महागडे डबे नकोत. भाकरी, तुरीचे वरण, फुटाणे, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ती मिळतात. आपल्या जिल्ह्याचे सोयाबीन संहितांत नाही, म्हणून त्याज्य मानू नये. त्यात एक तृतीयांशाहून अधिक प्रथिने असतात. मात्र ते गुरू असल्याने नीट शिजवून व अग्नी पाहूनच द्यावे.

श्रमपरिहार : चरकाचार्यांचे श्रमहर महाकषाय येथे स्मरावे : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गु, परूषक, इक्षु, यव व षष्टिक. धावल्यानंतर शरीराला जल व शर्करा हवी असते, हे आजचे विज्ञानही सांगते. या दहांतील बहुतेक द्रव्ये त्याच गरजेची आहेत. मनुका-खजुराचे पाणी व साठेसाळीचा भात घरातच करता येतो. रात्री पायांस तिळतेलाचा अभ्यंग आणि सात-आठ तासांची झोप यांस पर्याय नाही.

औषधी दुकानदार बंधूंस विनंती की भरतीच्या मोसमात वेदनाशामके व स्टिरॉइडे चिठ्ठीविना देऊ नयेत. ‘आयुर्वेदिक’ म्हणून येणाऱ्या, उत्पादकाचा परवाना क्रमांक नसलेल्या ‘शक्ती’च्या पुड्या परत पाठवाव्यात; त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्यास बदनामी शास्त्राची होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावांत ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास मनाई केली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असलेली पुडीच द्यावी.

उन्हात धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला वा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. तोंडाने काहीही न देता त्यास सावलीत घेऊन, अंगावर गार पाणी ओतत राहून, तत्काळ रुग्णालयात न्यावे. लघवी काळसर झाली तरीही विलंब नको. येथे आपल्या चूर्ण-काढ्यांची वाट पाहणे हा अपराध ठरेल.

आता आमच्या केसपेपरवर प्रकृतीच्या खालीच एक ओळ छापली आहे : ‘इतर औषधे कोणती?’ ती प्रत्येक वैद्याने छापावी, ही नम्र विनंती. बल देणे हे आपले काम खरेच. पण ते देण्याआधी विचारणे हेही आपलेच काम आहे.