अडलेला अंतरा

भावगीताचा मुखडा सुचतो आणि अंतरा अडतो. स्वतः गीते रचताना मला याचे एक कारण वारंवार दिसले : मुखड्यातच सगळे सांगून झालेले असते. मग अंतऱ्यात उपमा वाढतात, आशय मात्र पुढे सरकत नाही.

या दृष्टीने ‘गीतरामायण’ पाहण्यासारखे आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक या क्रमाने ५६ गीते झाली, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. दोघांची प्रतिभा तर होतीच. पण कथेनेही एक सोय करून ठेवली होती. कोण बोलते आहे, कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी, हे रामकथेतच ठरलेले होते.

अडलेल्या गीताला मी हेच तीन प्रश्न विचारतो. उत्तरे मिळाली की अंतऱ्याची शेवटची ओळ आधी लिहितो. कारण यमक आणि चाल सांभाळून मुखड्याकडे परतायचे असते ते तिलाच. मधल्या दोन-तीन ओळी मग तिच्या ओढीने येतात. परतलेला मुखडा पहिल्यापेक्षा वेगळा ऐकू आला पाहिजे. तसा आला नाही, तर जागा भरली एवढेच. गीत अजून अपुरेच आहे.