नोंदवहीतली माणसं

सकाळी ६
चहा आणि ईमेल. ‘आमच्या पणजीच्या आईचं नाव कुठे सापडेल का?’ असं विचारणारं पत्र नेहमी येतं. अडचणही ठरलेली. १८५० आणि १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या गेल्या. त्यांत वर मालकाचं नाव आणि खाली माणसांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. बहुतेकांची नावं जनगणनेत आली ती १८७० साली, गुलामी कायद्यानं संपल्यावर पाच वर्षांनी. त्यामागे जायचं तर मालकाचं मृत्युपत्र, गहाणखतं, मालमत्तेच्या याद्या धुंडाळाव्या लागतात. गुरंढोरं आणि भांडीकुंडी यांच्या ओळीतच माणसाचं नाव असतं, पुढे किंमत. हे लिहून कळवताना दरवेळी संताप येतो. पण वाट तिथूनच जाते, म्हणून नीट समजावून सांगते.

सकाळी १०
फिलाडेल्फियात तास. आज पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’नंही अशा जाहिराती छापल्या. मालक बक्षीस जाहीर करतो आणि ओळख पटावी म्हणून खरं ते लिहून बसतो: सुतारकाम येतं, दोन भाषा बोलतो, पाठीवर वळ आहेत, बहुधा बायकोकडे गेला असावा. मुलांना सांगते, मालकाला काय हवंय ते सोडा, पळालेल्याला काय हवं होतं ते वाचा.

एकानं विचारलं, ‘पण गुलामी संपवली ती लिंकननंच ना?’ त्याला बेंजामिन क्वार्ल्स यांचं १९६९ चं ‘ब्लॅक ॲबोलिशनिस्ट्स’ वाचायला दिलं. काळ्या माणसांनी स्वतः उभारलेल्या समित्या, वर्तमानपत्रं, सभा त्यात आहेत. मुक्ती वरून मिळाली, हा समज तिथे टिकत नाही.

दुपारी १
हिस्टॉरिकल सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनियाचं वाचनालय. पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. विल्यम स्टिल यांची १८५२ ते १८५७ ची नोंदवही इथे आहे. जीर्ण कागद सारखे हाताळायचे नसतात, म्हणून बरंचसं वाचन छायाचित्रांवरून.

स्टिल गुलामीविरोधी संस्थेच्या कचेरीत कारकून होते. १८५० च्या ऑगस्टमध्ये पीटर नावाचा एक माणूस आपले आईवडील शोधत त्या कचेरीत आला. तो अलाबामात राबून स्वतःच्या मुक्तीचे पैसे फेडून आला होता. त्यानं आईवडिलांची नावं सांगितली आणि स्टिल यांना कळलं, हा आपला सख्खा भाऊ! आई पळाली तेव्हा दोन मुलगे मागे राहिले होते, त्यांतला हा एक. ताटातूट झाल्याला चाळीसेक वर्षं झाली होती.

पुढे स्टिल गुलामीतून पळून कचेरीत आलेल्या प्रत्येकाची नोंद ठेवू लागले: जुनं नाव, नवं नाव, वय, मालक, पळण्याचं कारण, खर्च. दुरावलेल्या कुटुंबांना पुन्हा एकमेकांचा पत्ता लागावा, हा हेतू. त्याच १८५० साली पळालेल्यांना पकडून परत देण्याचा कायदा आणखी कडक झाला होता. वही चुकीच्या हाती पडली असती, तर कितीतरी माणसं पुन्हा बेड्यांत गेली असती.

आज १८५४ च्या डिसेंबरअखेरचं पान. स्वतः गुलामीतून पळून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन मेरीलँडहून आपल्या तीन भावांना घेऊन आल्या, तो प्रवास. पळालेल्यांना मदत करणाऱ्या विल्मिंग्टनच्या थॉमस गॅरेट यांचं पत्र शेजारी ठेवून वाचते. हॅरिएट आणि एका पुरुषाच्या पायातले जोडे चालून चालून पार झिजले होते. गॅरेट यांनी दोन डॉलर दिले आणि पुढच्या गाडीचं भाडंही स्वतः सोसलं. भावांनी रॉस हे आडनाव टाकून स्टुअर्ट घेतलं. दोन्ही नावं जुळवून कार्डावर उतरवते. हीच जुळणी माझ्या कामाचा गाभा.

संध्याकाळी ५
चालत मदर बेथेल चर्चकडे. रिचर्ड ॲलन यांनी १७९४ साली स्थापलेलं. काळ्या लोकांना आफ्रिकेत नेऊन वसवण्याची योजना निघाली तेव्हा, १८१७ च्या जानेवारीत, शहरातले सुमारे तीन हजार काळे लोक इथे जमले आणि त्यांनी ती साफ नाकारली. घाम आमचा गळला, देशही आमचाच, ही त्यांची भूमिका होती.

रात्री ९
हा तास मराठी लेखनाचा. स्टिल यांचं ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ १८७२ साली निघालं. पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. त्या लोकांत आपण लिंकनसारख्या गोऱ्या पुढाऱ्यांनाच धरत आलो. जोडे झिजेपर्यंत चाललेल्या हॅरिएट, जिवावर उदार होऊन नावं लिहिणारे स्टिल, स्वतःची किंमत मोजून सुटलेले पीटर हेही त्याच मानाचे धनी आहेत. ही नावं मराठी वाचकाच्या ओळखीची व्हावीत, एवढ्यासाठी रोज दोन पानं तरी लिहिते.