रंगामागची जाडी

ऑटोकॅडच्या काळ्या पडद्यावर भिंत पिवळी, खिडकी हिरवी, मापं लाल. तोच नकाशा प्लॉटरमधून निघतो तेव्हा सगळं काळं असतं. फरक उरतो तो जाडीचा. कापलेली भिंत ठसठशीत, पलीकडचं दिसणारं बारीक, मापाची रेघ त्याहून बारीक. साइटवरचा मिस्त्री नकाशा वाचतो तो या जाडीवरून. आणि ही जाडी पुष्कळदा नकाशाच्या फाइलमध्ये नसतेच! ती राहते ‘सीटीबी’ नावाच्या वेगळ्या, छोट्याशा फाइलमध्ये. पिवळ्याला ०.५ मिलिमीटर, लालला ०.१८, अशा २५५ रंगांच्या नोंदी तिथे असतात.

हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे कळायला ड्रॉइंग बोर्डाकडे जावं लागतं. ट्रेसिंगवर शाईने काम करणाऱ्यांच्या रॉटरिंग पेनांवर जाडीप्रमाणे रंगीत खूण असे: ०.१८ लाल, ०.२५ पांढरी, ०.३५ पिवळी, ०.५ तपकिरी, ०.७ निळी. आकडे अडनिडे वाटतात, पण त्यांत हिशेब आहे. प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा साधारण १.४१ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकं जाड. ए-मालिकेतल्या कागदाच्या बाजूंचं गुणोत्तरही तेच. त्यामुळे ए१ नकाशा ए२वर उतरवला की ०.७ची रेघ ०.५ची होते, ०.५ची ०.३५ची, आणि त्या लहान प्रतीवर दुरुस्ती करायला पेटीतलंच पेन चालतं. अक्षरंही याच हिशेबात: ३.५ मिलिमीटर उंचीचं अक्षर ०.३५च्या पेनाने.

१९८२ साली ऑटोकॅड आलं तेव्हाचे प्लॉटर खरोखरीचं पेन धरून रेघा ओढत. एचपी ७४७५ए मध्ये सहा पेनं बसत. अमुक रंग म्हणजे अमुक खाचेतलं पेन, असं ठरवून दिलं की काम भागे. पेनं गेली, इंकजेट आले, सवय राहिली. १९९९मध्ये ऑटोकॅड २०००ने जाडी थेट लेयरला देण्याची सोय केली. सोबत ‘एसटीबी’ही आली, तिच्यात छपाईची शैली नावाने ठरते, रंग मोकळा राहतो. तर्काला पटते ती हीच पद्धत. तरी बहुतेक ऑफिसं सीटीबीलाच चिकटून आहेत, आणि मला तो निव्वळ आळस वाटत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर सीटीबीत, प्लंबिंगवाला सीटीबीत. एकट्याने पंथ बदलला की येणारी प्रत्येक फाइल ‘कन्व्हर्टपीस्टाइल्स’मधून काढत बसा.

एक खोडी मात्र नेहमीची. ‘मोनोक्रोम’ सीटीबी लावूनही एखादा सोफा निळसर छापून येतो. त्याला कुणीतरी ‘ट्रू कलर’ दिलेला असतो. सीटीबीची यादी १ ते २५५ क्रमांकांची; ट्रू कलर तिच्या हिशेबातच नाही.

महापालिकेच्या मंजुरीसाठी तर सगळं काळं करून चालतच नाही. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या हॅचमध्ये, सांडपाण्याची लाइन लाल तुटक, प्लॉटची हद्द जाड काळी. इथे जाडी-रंगांचा कारभार फाइलबाहेर असल्याचा फायदा कळतो: नकाशा एकच, सीटीबी दोन. पडद्यावरची पिवळी भिंत साइटच्या प्रतीत काळी निघते, मंजुरीच्या प्रतीत लाल.

बाहेर पाठवताना ‘ई-ट्रान्समिट’ केलं तर सीटीबी सोबत जाते. नुसती डीडब्ल्यूजी मेल केली आणि समोरच्या ऑफिसात पिवळा म्हणजे ०.१८ असला, तर भिंती मापाच्या रेघांएवढ्या बारीक छापून येतात.